छातीच्या खिशात न सापडलेले पत्र

१/
राष्ट्रीय सण जवळ आले की समाजमाध्यमांवर एका ठरावीक धर्तीचे पत्र फिरू लागते. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या खंदकात पडलेल्या शिपायाच्या छातीच्या खिशात ते सापडलेले असते. कागदावर रक्ताचा डाग असतो. शिपाई कधी साताऱ्याचा असतो, कधी रत्नागिरीचा, कधी पंजाबातला. पण पत्नीला तो नेहमी 'प्रिये' म्हणतो, चंद्राकडे पाहायला सांगतो आणि मातृभूमीसाठी प्राण देताना तिची क्षमा मागतो.

२/
हे पत्र बनावट आहे. एखादी तारीख किंवा पलटणीचे नाव चुकले म्हणून नव्हे, तर त्याचा सांगाडाच खोटा आहे म्हणून. त्यातल्या शिपायाला लिहिता येते, त्याच्या बायकोला वाचता येते आणि दोघांच्या मध्ये तिसरे कोणीही नाही. १९१४ सालच्या बहुसंख्य हिंदी शिपायांच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी असत्य होत्या.

३/
"भावना खरी आहे ना? मग पत्र खरे की खोटे, याने काय बिघडते?" हा प्रतिवाद ठरलेला आहे. बिघडते ते असे की या पत्रातल्या कल्पित बायकोने एका खऱ्या बाईची जागा बळकावली आहे. त्या खऱ्या बाईपर्यंत नवऱ्याचा शब्द कसा पोहोचत होता आणि वाटेत त्याचे काय होत होते, हे विचारण्याची गरजच बनावट पत्र उरू देत नाही.

४/
आधी पार्श्वभूमी. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक सैनिक आणि मजूर समुद्रापार गेले. त्यांपैकी सुमारे ७४,००० परतले नाहीत. लाहोर आणि मेरठ डिव्हिजनचे जवान १९१४ च्या सप्टेंबरअखेर मार्सेय बंदरात उतरू लागले. पायदळ १९१५ च्या अखेरीस फ्रान्समधून हलवून मुख्यतः मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये नेण्यात आले. घोडदळ मात्र १९१८ च्या आरंभापर्यंत फ्रान्समध्येच राहिले.

५/
या आघाडीवर मराठी माणूस नव्हताच असे नाही. खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० व २१ क्रमांकाच्या कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ रोजी न्यूव शापेलच्या गल्लीबोळांत संगिनींनी लढल्या आणि त्यांत मराठे होते. तरी फ्रान्समधील हिंदी फौजेचा मोठा भाग पंजाबी, पठाण, गढवाली आणि गुरखा होता. मराठा पलटणींचे मोठे युद्ध मेसोपोटेमियात झाले. म्हणून 'फ्लँडर्सच्या चिखलातून लिहिणारा मराठा लाइट इन्फन्ट्रीचा जवान' भेटला की पहिला प्रश्न त्याच्या पलटणीचा क्रमांक कोणता, हाच असावा.

६/
आता पत्रे. १९१५ च्या मार्चपर्यंत फ्रान्समधील हिंदी सैनिक आठवड्याला दहा ते वीस हजार पत्रे पाठवीत होते. आकडा नीट वाचावा. ज्या फौजेत अक्षरओळख असलेला माणूस दुर्मीळ होता, त्या फौजेतून आठवड्याला वीस हजारांपर्यंत पत्रे जात होती. अशिक्षित माणसाला पत्राची गरज नसते, हा साक्षरांचा गैरसमज आहे.

७/
ही पत्रे बहुधा दुसऱ्याच्या हातची असत. कंपनीत एखादा लिहिणारा शिपाई असे. कधी हवालदार लिही, रुग्णालयात एखादा अर्दली किंवा बरा होत आलेला शेजारी. सांगणारा सांगे आणि लिहिणारा उतरवी. भोवती आणखी चारजण बसलेले असत, कारण त्यांचाही क्रमांक लागायचा असे. या चौघांदेखत माणूस आपल्या बायकोला काय सांगेल?

८/
दुसऱ्या टोकाकडे पाहावे. १९११ च्या खानेसुमारीनुसार हिंदुस्थानातील शंभर स्त्रियांपैकी जेमतेम एक साक्षर होती. पुरुषांमध्ये हे प्रमाण शंभरात दहा-अकरा होते. शेतकरी घरातल्या शिपायाची बायको त्या एकीत असण्याचा संभव फारच थोडा. पत्र आले की ते पोस्टमन वाची, शाळामास्तर वाची किंवा तलाठी-कुलकर्णी वाची. वाचन पडवीत किंवा ओटीवर होई. सासरा ऐके, दीर ऐके, शेजारपाजार ऐके. ती माजघराच्या दाराआड उभी राहून ऐके.

९/
त्यात मराठी घरातली बोलण्याची रीत मिसळावी. बायको नवऱ्याचे नाव घेत नसे. ते घ्यायचे तर उखाण्यातून, सणासमारंभात, सगळ्यांनी आग्रह केल्यावर. एरवी तो 'धनी', 'कारभारी', 'पोरांचा बा'. नवराही चारचौघांत तिला नावाने हाक मारीत नसे. तिला 'अमक्याची आई' म्हणत. वडीलधाऱ्यांसमोर बायकोची विचारपूस करणे निर्लज्जपणाचे लक्षण मानले जाई. उत्तरेकडच्या घरांतील रीतही याहून फारशी निराळी नव्हती.

१०/
मग पत्र कोणाच्या नावे जाई? बापाच्या. बाप नसेल तर थोरल्या भावाच्या, किंवा चुलत्याच्या. 'तीर्थरूप वडिलांचे सेवेशी साष्टांग नमस्कार, विज्ञापना विशेष' असा आरंभ, मग येथील क्षेम, तेथील क्षेम, पैसे पोहोचले का, बैल विकला का, कोर्टातल्या दाव्याचे काय झाले. आणि शेवटी घरातील लहानथोरांस यथायोग्य नमस्कार-आशीर्वाद. बायको त्या 'लहानथोरां'त असे. ज्याला खुणा कळतात त्याला ती मुलाच्या चौकशीत सापडते, दुभत्या म्हशीच्या चौकशीत सापडते, 'माहेरी पाठवू नये' किंवा 'माहेरी पाठवावे' या एका ओळीत सापडते.

११/
हे ओळखले नाही म्हणून अभ्यासक म्हणवणाऱ्यांनीही दोन चुकीचे निष्कर्ष काढले आहेत. पहिला: हिंदी शिपायाला बायकोविषयी लिहिण्यासारखे काही वाटतच नव्हते. दुसरा: पत्रांत सतत पैशाचे बोलणे आहे, म्हणजे हे पोटार्थी भाडोत्री सैनिक होते.

१२/
दुसऱ्या निष्कर्षाचा समाचार आधी. युद्धाच्या आरंभी साध्या शिपायाचा पगार महिना ११ रुपये होता. त्यातला काही भाग परस्पर घरी देण्याची व्यवस्था करता येई. घरच्या बाईच्या दृष्टीने ती रक्कम दोन गोष्टी सांगत होती: चूल पेटेल आणि तो जिवंत आहे. रक्कम वेळेवर न आल्यास तिला दोन्ही बाजूंनी धसका बसे. त्यामुळे 'पैसे मिळाले का, ते कळवा' या वाक्यात हिशेब आणि जीव वेगळे काढता येत नाहीत. ज्यांना महिनाअखेरची काळजी कधी करावी लागली नाही, त्यांनीच या वाक्याला 'व्यवहारी' ठरवले आहे.

१३/
पहिल्या निष्कर्षाचे उत्तर अधिक गुंतागुंतीचे आहे, कारण त्यासाठी आजवर वाचली गेलेली पत्रे कोठून आली हे पाहावे लागते. ती शिपायांच्या घरांतून आलेली नाहीत. ती आली सेन्सॉरच्या कचेरीतून.

१४/
१९१४ च्या शरद ऋतूत गदर पक्षाचे साहित्य हिंदी फौजेत शिरत असल्याचा संशय बळावला आणि हिंदी टपालाची स्वतंत्र तपासणी सुरू झाली. फ्रान्समधील बूलोन्य येथे ही कचेरी चाले. प्रमुख होता एव्हलिन बर्कली हॉवेल, हिंदुस्थानच्या मुलकी सेवेतला अधिकारी. हाताखाली मोजकी माणसे आणि समोर आठवड्याला हजारो पत्रे. पलटणीतल्या गोऱ्या अधिकाऱ्याने एकदा चाळलेले टपाल येथे पुन्हा उघडले जाई. हिंदुस्थानातून सैनिकांना येणारी पत्रेही तपासली जात.

१५/
सगळी पत्रे वाचणे अशक्यच होते. काही निवडली जात, निवडलेल्यांतले उतारे इंग्रजीत उतरवले जात आणि अहवालाबरोबर वरिष्ठांकडे पाठवले जात. हे अहवाल लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या दप्तरांत आहेत. डेव्हिड ओमिसी यांनी त्यांतले सहाशेहून अधिक उतारे संपादित करून १९९९ मध्ये प्रसिद्ध केले आणि तेव्हापासून 'हिंदी शिपायाचा आवाज' म्हणून जगभर तेच उद्धृत होतात. मूळ पत्रे गावोगावी गेली आणि बहुतेक नाहीशी झाली.

१६/
म्हणजे आज एखादा अस्सल उतारा मराठीत फिरतो, तेव्हाही त्याचा प्रवास असा झालेला असतो: शिपाई पंजाबीत बोलला, लेखनिकाने उर्दूत उतरवले, सेन्सॉरच्या माणसाने इंग्रजीत अनुवादले, आणि आता कोणी तरी मराठीत आणले. चार हात. प्रत्येक हाताने काही गाळले, काही सावरले. तरी फिरणाऱ्या चित्रावर शिपायाचे नाव आणि अवतरणचिन्हे असतात, जणू तो शेजारी बसून मराठी बोलत होता.

१७/
सेन्सॉरने काय निवडले, हे त्याहून महत्त्वाचे. त्याचे काम फौजेच्या मनाचा ताप मोजण्याचे होते. तक्रार, धर्म, जखमा, कवायतीचा कंटाळा, गोऱ्या स्त्रियांविषयीची बढाई, सरकारविषयीचा राग किंवा निष्ठा, हे उतरवले जाई. पाटाचे पाणी, नणंदेचे लग्न, मुलाची गोवर यांत सरकारला रस नव्हता. अशी पत्रे शिक्का मारून पुढे पाठवली गेली आणि दप्तरात त्यांची खूणही राहिली नाही. ज्या पत्रांत बायको असण्याचा सर्वाधिक संभव, नेमकी तीच उतरवण्यायोग्य ठरली नाहीत. मग या दप्तरात बायको सापडत नाही म्हणून शिपायाच्या मनातही ती नव्हती, असे म्हणणे हा दाण्यांऐवजी चाळणीचा अभ्यास झाला.

१८/
हॉवेल मूर्ख नव्हता, हेही नमूद करणे न्यायाचे. आपल्या चाळणीतून बरेच काही निसटते, शिपाई आडवळणाने बोलतात आणि ते पकडणे कठीण आहे, हे तो जाणून होता. हिंदी आणि गोऱ्या सैनिकांसाठी काळी मिरी आणि लाल मिरची असे शब्द वापरलेले पत्र प्रसिद्धच आहे. शिपाई पत्रांत कविता करू लागले, हे मनोविकाराचे अशुभ चिन्ह असावे, असे त्याने १९१५ च्या आरंभी नोंदवले होते. गंमत अशी की याच गृहस्थाने पुढे खुशालखान खटक या पश्तो कवीच्या काव्याचा इंग्रजी अनुवाद सहलेखकासह केला. तो १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला.

१९/
या गाळलेल्या, सावरलेल्या, चौथ्या हातच्या दप्तरातही काय उरले आहे ते पाहावे.

एक तक्रार पुन्हा पुन्हा येते: जखमी बरा झाला की त्याला घरी न पाठवता परत खंदकात पाठवतात. हिंदुस्थानी शिपायाच्या समजुतीप्रमाणे एकदा रक्त सांडले की त्याची पाळी संपली. घरी जाण्याची रजा दृष्टिपथात नव्हती. इंग्रज सैनिकाचे घर खाडीपलीकडे होते. याचे घर आगबोटीने कित्येक आठवड्यांवर होते. ब्रायटन येथील इस्पितळात वागणूक चांगली असल्याचे गोडवे प्रचारपुस्तिकांत गायले गेले. त्याच गावातल्या किचनर इंडियन हॉस्पिटलभोवती मात्र शिपाई बाहेर पडू नयेत म्हणून तारांचे कुंपण होते.

२०/
या इस्पितळाचा प्रमुख कर्नल ब्रूस सीटन याने एक हजार जखमींच्या जखमांचा अभ्यास केला. लढाई टाळण्यासाठी हिंदी शिपाई स्वतःला गोळी मारून घेतात, हा संशय होता. आकड्यांनी त्या संशयाला आधार दिला नाही. एकीकडे पत्रे उघडून मन तपासायचे आणि दुसरीकडे जखम उघडून इमान तपासायचे, अशी ही दुहेरी झडती होती. या झडतीच्या मधोमध बसलेल्या माणसाकडून 'प्रिये' या संबोधनाची अपेक्षा धरली जाते.

२१/
दुसरी गोष्ट अधिक अनपेक्षित. फ्रान्समध्ये दीर्घकाळ राहिलेल्या घोडदळातील सैनिकांनी शेतकरी घरांत मुक्काम केले होते. तेथे पुरुष आघाडीवर गेलेले आणि नांगर, गोठा, दुकान, हिशेब सारे बायकांच्या हाती, हे त्यांनी पाहिले. काहींना या घरांतल्या वृद्ध स्त्रियांनी मुलासारखे वागवले आणि त्यांना ते 'आई' म्हणू लागले. त्यानंतरच्या पत्रांत एक आग्रह वारंवार दिसतो: घरच्या मुलींना शाळेत घाला, बायकांना लिहा-वाचायला शिकवा.

२२/
या आग्रहाला सहसा 'पाश्चात्त्य प्रगतीचा प्रभाव' असे नाव देऊन पुढे जातात. फ्रेंच स्त्रियांचे उदाहरण डोळ्यांसमोर होते, यात शंका नाही. पण सांगणारा माणूस कोठे बसला होता? लेखनिकासमोर, आपली पाळी येईपर्यंत दुसऱ्याच्या घरच्या गोष्टी ऐकत. बायको शिकली तर दाराआड उभे राहून ऐकण्याची तिच्यावरची वेळ टळेल, सासऱ्याच्या नावे पाठवायचे पत्र तिच्या नावे पाठवता येईल, हे त्याला कळत नसेल? खोट्या पत्रांतल्या चंद्राहून या एका मागणीत पती-पत्नीचे नाते अधिक आहे, आणि ती मागणी दप्तरात नोंदलेली आहे.

२३/
बायकांची स्वतःची पत्रेही या अहवालांत थोडीफार आहेत, कारण येणारे टपालही उघडले जात होते. त्यांत हौतात्म्याची भाषा शोधणाऱ्यांची निराशा होईल. पत्र का आले नाही याचा राग, परत येण्याचा आग्रह, घरातल्या माणसांची गाऱ्हाणी, हा त्यांचा मजकूर. 'विजयी होऊन या' असे सांगणारी वीरपत्नी पुढच्या पिढ्यांनी रचली. त्या काळच्या बाईला नवरा हवा होता, विजय कोणाचाही होवो.

२४/
येथे दोन्ही गटांची अडचण होते. साम्राज्यनिष्ठ लेखकांना 'स्वामिनिष्ठ लढाऊ जमाती' हव्या होत्या, म्हणून त्यांनी बादशहाच्या मिठाचे उल्लेख उचलले. ते उल्लेख पत्रांत आहेतच, आणि आपले पत्र अधिकारी वाचतात हेही शिपायाला माहीत होते. नंतरच्या राष्ट्रवादी मांडणीला एक तर फसवला गेलेला बळी हवा होता, नाही तर देशासाठी लढणारा वीर. 'मातृभूमीसाठी' हा शब्द बनावट पत्रात तेवढ्यासाठीच येतो. कोणत्या मातृभूमीसाठी? तो शिपाई ब्रिटिश साम्राज्याच्या बाजूने, फ्रान्सच्या शेतात, जर्मनांशी लढत होता.

२५/
मग हा नमुना आला कोठून? अमेरिकेतून. यादवी युद्धातला संघराज्याचा अधिकारी सलिव्हन बालू याने १४ जुलै १८६१ रोजी पत्नी सारा हिला लिहिलेले निरोपाचे पत्र जगप्रसिद्ध आहे. आठवडाभरात बुल रनच्या पहिल्या लढाईत तो घायाळ झाला आणि त्यातच दगावला. केन बर्न्स यांच्या १९९० च्या माहितीपटात ते पत्र संक्षिप्त करून वाचले गेले आणि युद्धातले प्रेमपत्र म्हणजे असेच, हे चित्र पक्के झाले. बालू वकील होता. त्याच्या फौजेतले बहुतेक सैनिक साक्षर होते आणि त्यांच्या टपालावर पद्धतशीर सेन्सॉर नव्हता. विशेष म्हणजे या आदर्श पत्राचीही मूळ प्रत आज उपलब्ध नाही, नकला आहेत. अमेरिकन अभ्यासक त्या नकलांची चिकित्सा करतात. तोच साचा मराठीत ओतणारे मात्र चिकित्सेचे नाव काढले की 'सैनिकांचा अपमान' म्हणून अंगावर येतात.

२६/
अस्सल पत्र कोठे टिकते, याचे एक उदाहरण मेसोपोटेमियातच आहे. कूत-अल-अमारा येथे जनरल टाउनशेंडची फौज डिसेंबर १९१५ पासून वेढ्यात अडकली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेली. ही फौज म्हणजे मुख्यतः सहावी, पुणे डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. वेढ्यात घोड्याचे मांस खाण्याची वेळ आली. बऱ्याच हिंदी सैनिकांनी दीर्घकाळ ते नाकारले आणि उपासमार व स्कर्व्ही सोसली. जवळजवळ पाच महिने घरी नियमित टपाल नाही. त्यानंतर कैद, वाळवंटातली पायपीट, सक्तीचे रेल्वेकाम.

२७/
याच फौजेत कल्याणकुमार मुखर्जी नावाचा बंगाली लष्करी डॉक्टर होता. १९१७ मध्ये तुर्कांच्या कैदेत, रास अल-ऐन येथे त्याचा मृत्यू झाला. त्याने घरी, आईला, बंगालीत लिहिलेली पत्रे आज वाचता येतात. त्यांत तो युद्धाला आणि इंग्रजांकडून शिकलेल्या परभूमी बळकावणाऱ्या देशाभिमानाला इतका परखड दोष देतो की कोणत्याही राष्ट्रीय सणाच्या चित्रावर ते चालणार नाही. पत्रे टिकली ती सरकारमुळे नव्हे. त्याची आजी मोक्षदादेवी हिने वृद्धापकाळी नातवाचे चरित्र लिहिले, त्यात ती पत्रे घातली आणि १९२८ मध्ये 'कल्याण-प्रदीप' या नावाने पुस्तक छापले.

२८/
एकच वेढा, एकच कैद. डॉक्टरच्या घरी आजी लिहिती-वाचती होती, म्हणून त्याचा शब्द टिकला. ११० व्या मराठा पलटणीतल्या शिपायाच्या घरी दाराआड उभी असलेली बाई लिहिती-वाचती नव्हती. पत्राचे आयुष्य लिहिणाऱ्यापेक्षा ते सांभाळणाऱ्या बाईच्या अक्षरओळखीवर अधिक अवलंबून होते, हे या दोन घरांवरून दिसते. 'शिपायाचा आवाज हरवला' असे म्हणताना, तो ऐकणारीला शाळेबाहेर कोणी ठेवले, हाही प्रश्न त्याच दमात विचारावा लागतो. त्याचा दोष केवळ इंग्रजांच्या पदरात टाकता येणार नाही. याच पुणे-सातारा भागात १८४८ पासून मुलींच्या शाळा काढणाऱ्यांवर शेण फेकणारे हात इंग्रजांचे नव्हते.

२९/
हिंदी शिपायाचा प्रत्यक्ष आवाज, कानांनी ऐकता येईल असा, खरोखर उरला आहे. बर्लिनजवळच्या व्ह्युन्सडॉर्फ येथील युद्धकैद्यांच्या छावणीत जर्मन भाषाशास्त्रज्ञांनी कैद्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित केले. त्या तबकड्या बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. १९१६ मध्ये मुद्रित झालेल्या माल सिंग या पंजाबी कैद्याच्या तबकडीत तो घरच्या लोण्याची आणि परतीच्या ओढीची गोष्ट सांगतो. पण कशी? 'मी' म्हणून नव्हे. एक माणूस होता, तो हिंदुस्थानात लोणी खायचा, अशी तृतीयपुरुषी. कोणा पत्नीचे नाव नाही, प्रियेचे संबोधन नाही. फक्त लोणी. ते घुसळणारे हात कोणाचे, हे ऐकणाऱ्याने ओळखायचे.

३०/
न्यूव शापेलच्या स्मारकावर, ज्यांची थडगी नाहीत अशा चार हजारांहून अधिक हिंदी सैनिकांची नावे कोरलेली आहेत. महाराष्ट्रातल्या अनेक गावांत शाळेच्या किंवा चावडीच्या भिंतीवर जी युद्धस्मृतीची फरशी असते, तिच्यावर बहुधा एवढेच असते: या गावातून महायुद्धात इतके गेले, त्यांपैकी इतके पडले. दोन आकडे. नावे नाहीत, तर बायकांची कोठून असणार. बनावट पत्र फिरवणाऱ्यांपैकी किती जणांनी आपल्या तालुक्यातली अशी एक फरशी पाहून तिची नोंद केली आहे?

३१/
काम करायचे असेल तर ते घराच्या माळ्यावर आहे. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, रायगड या जिल्ह्यांतल्या ज्या घरांतून पणजोबा किंवा खापरपणजोबा लढाईला गेले, तेथे एखाद्या पत्र्याच्या ट्रंकेत पेन्शनचे पुस्तक, बिल्ला, मनीऑर्डरचे कूपन, लष्करी टपालाचा शिक्का असलेले कार्ड अजून असू शकते. मजकूर बाळबोधीत असेल, पण मोडीत असण्याचीही तितकीच शक्यता आहे, आणि घरातल्या कोणाला मोडी वाचता येत नाही म्हणून असले कागद 'जुनी बिले' समजून जाळले जातात. राज्याचे पुराभिलेख संचालनालय मोडी लिपीचे प्रशिक्षण वर्ग घेते. कार्ड सापडल्यास ते पुसू नये, चिकटपट्टी लावू नये; दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्यावे, शिक्क्यावरील तारीख आणि टपालकचेरीचा क्रमांक आधी टिपून ठेवावा. मजकुरात 'प्रिये' सापडणार नाही. म्हैस व्याली का, हे विचारलेले असेल.